शंभरांपैकी नव्वद, आणि आक्का

निजामाच्या मुलखात महिनाभर राहून आलो असे पुण्यात सांगितले की लोक विचारतात, "वाघ दिसला का?" वाघ दिसला नाही. जे दिसले ते सांगण्यासारखे आहे. पण त्याआधी एक कबुली द्यावी लागेल, नाहीतर मी ऐन उन्हाळ्यात तिकडे का गेलो हेच कळणार नाही.

मी एका कॉलेजात गणित शिकवतो. त्यातही संभाव्यता हा माझा आवडता विषय. अमुक एक गोष्ट घडेल की नाही हे माहीत नसताना, ती किती प्रमाणात घडेल हे आकड्यात सांगण्याची ही विद्या. चार वर्षांपूर्वी माझी थोरली बहीण, जिला आम्ही सगळे आक्का म्हणतो, तिच्या उजव्या डोळ्यात मोतीबिंदू झाला. सोलापूरच्या एका दवाखान्यात मी तिला घेऊन गेलो. डॉक्टर मला बाजूला घेऊन म्हणाले, "शंभरांपैकी नव्वद जणांना शस्त्रक्रियेनंतर चांगले दिसते." मी बाहेर आलो. बाकावर बसलेल्या आक्काने विचारले, "काय म्हनला रं डॉक्टर?" मी म्हणालो, "दिसेल म्हणाले."

एवढेच. नव्वदाचे शंभर केले. एखाद्या विद्यार्थ्याने उत्तरात असे केले तर मी त्याचे गुण कापतो.

डोळा आतून पिकला आणि गेला. डॉक्टरांची काही चूक नव्हती. आक्का त्या दहांत गेली, जे दहा मी तिला सांगितलेच नव्हते. आई गेल्यावर हिने मला भरवून वाढवले होते. त्यानंतर चार वर्षे मी तिच्या गावी फिरकलो नाही. दिवाळीला लुगडे पाठवले, पत्रे पाठवली, सबबी तर फारच पाठवल्या.

यंदा फाल्गुनात माझ्या भाच्याचे, महादेवाचे, पत्र आले. आक्काचा डावा डोळाही आता पडद्याने भरला होता. डॉक्टर तेच होते आणि आकडाही तोच, शंभरांत नव्वद. खाली एक ओळ होती: "आई म्हणते बापूमामांना बोलवा."

सुट्टी लागताच मी निघालो. पिशवीत हाडाचे दोन फासे घेतले, एक वही घेतली. या खेपेस नव्वद म्हणजे काय, हे आक्काला नीट, एक दाणाही न लपवता समजावून द्यायचे आणि मग निर्णय तिचा तिने घ्यायचा, असे ठरवले होते. माणसाला पश्चात्ताप झाला की तो फार व्यवस्थित होतो.

नाका

सोलापुराहून तुळजापूरला जाणारी मोटार महायुद्धामुळे पेट्रोल मिळत नसल्याने कोळशाच्या गॅसवर चालत होती. चालत होती म्हणजे चढ आला की आम्ही चालत होतो आणि ती मागून येत होती. हद्दीवर करोडगिरीचा नाका लागला. इकडून तिकडे जाणाऱ्या मालावर जकात घेणारे हे निजामाचे ठाणे. भिंतीवर दिनदर्शिका टांगलेली होती. माझ्या खिशातल्या डायरीत एप्रिल होता, मोटारीतल्या बायकांच्या तोंडी चैत्र होता आणि त्या भिंतीवर निजामी सालाचा खुर्दाद. एका फर्लांगात मी तिसऱ्याच महिन्यात शिरलो.

नाक्यावरचे जमादार मेंदी लावलेल्या दाढीचे, वयस्क होते. त्यांनी माझी पिशवी उलटी केली आणि फासे उचलले.

"ये क्या साब? जुगार?"

मी मोडक्या हिंदुस्थानीत खुलासा करू लागलो. ते म्हणाले, "मराठी बोला, मराठी. माझी अम्मी परंड्याची हाय."

मग मी सांगितले की मी पुण्याचा मास्तर, फासे शिकवण्यासाठी आहेत. फाशाला सहा बाजू, सहाही सारख्या, म्हणून प्रत्येक बाजू पडण्याचा संभव एक षष्ठांश. पुण्यात हे वाक्य मी वर्षातून एकदा म्हणतो आणि सगळे वर्ग ते वहीत उतरवतात.

जमादारांनी फासा डोळ्याजवळ नेला. "सारख्या कशा? हिकडं सहा खड्डे खोदले, तिकडं येक. हिकडचं हाड कमी झालं की न्हाय?"

"तो फरक अगदीच बारीक आहे."

"बारीक का व्हयना, हाय न्हवं? मग सारख्या म्हंजी काय?"

"म्हणजे," मी म्हणालो, "प्रत्येक बाजू पडण्याचा संभव सारखा."

ते मागच्या शिपायाला म्हणाले, "करीम, सुन. संभव सारखा हाय, म्हनून संभव सारखा हाय. पुन्याचं इल्म लई गोल असतंय बघ. कुठूनबी धरा, हातात येतंय."

मोटारीतली सगळी माणसे हसली. मीही हसलो. पंधरा वर्षांत हा प्रश्न मला एकाही विद्यार्थ्याने विचारला नव्हता. त्यात त्यांचा दोष नाही, त्यांना परीक्षा असते.

जमादारांनी वहीत उर्दूत काहीतरी लिहिले. काय लिहिले, म्हणून मी विचारले.

"खिलौने, दोन नग," ते म्हणाले आणि फासे अदबीने माझ्या हातावर ठेवले.

गाडीवाट

तुळजापूरला महादेव बैलगाडी घेऊन आला होता. चार वर्षांत तो चांगला आडदांड झाला होता, मिशा आल्या होत्या. तिथून आक्काचे खामगव्हाण तीन कोस. वाट उतरती. दोन्ही बाजूंना भेगा पडलेली काळी राने, मधूनच बोडका पळस. वारा असा की छत्री उघडली तर आपण तिच्याबरोबर जाऊ. मी उघडली. छत्री एकटीच गेली. महादेवाने ती बाभळीवरून काढून आणली आणि काही न बोलता स्वतःच्या मांडीखाली ठेवली.

एका ओढ्याच्या काठाला आम्ही शिदोरी सोडली. दही-धपाटे, शेंगांची चटणी आणि कांदा. धपाटे हा पुण्याच्या थालीपिठाचा जरा रानात वाढलेला भाऊ आहे. आमच्याकडे सुरी घेऊन कांदा चिरतात, इथे महादेवाने तो गुडघ्यावर ठेवून बुक्कीने फोडला. चव बुक्कीच्याच कांद्याला जास्त.

खाताना तो म्हणाला, "मामा, ह्या बारीला काय काळजी न्हाय. येकदा आई दहात गेली. आता नव्वदातच येनार."

"तसं नसतं रे. पहिल्या डोळ्याचं काय झालं, हे दुसऱ्या डोळ्याला ठाऊक नसतं."

"न्हाय कसं? येका डोळ्यात कुसळ गेलं की दुसऱ्यातनंबी पानी येतंय की."

एकमेकांवर परिणाम न करणाऱ्या दोन घटना म्हणून मी वर्गात नेहमी दोन नाणी घेतो. दोन डोळे कधी घेतले नव्हते. पुढचा कोसभर मी बैलांकडे पाहत बसलो.

खामगव्हाण

आक्का अंगणातल्या लिंबाखाली वाकळेचे टाके चाचपत बसली होती. मी पाया पडलो. तिने माझ्या तोंडावरून हात फिरवला, कानापाशी थांबली.

"बापूच हाय. दुसऱ्या कुनाचं एवढं मोठं कान न्हायत आपल्या घरात."

मी रडलो.

"आत्ताच रडायलास का? जेवून तरी घे. सुभद्रे, पाट मांड गं. तुझ्या मामाचं रडू उपाशीपोटी लई लांबतंय."

सुभद्रा ही महादेवाची बायको. हसरी आणि हजरजबाबी, हे पुढे मला बरेच भोगावे लागले. तिने येसराची आमटी वाढली. भाजलेल्या धान्याच्या आणि मसाल्याच्या त्या पिठाची आमटी अशी झणझणीत की पुण्याची गुळमट आमटी हे आजाऱ्याचे पथ्य वाटावे. आकड्यांबद्दल तिचे मत महादेवाच्या नेमके उलट होते. ती म्हणाली, "आत्याबाईंचा डोळाच त्या वळणाचा हाय. येका झाडाचा येक आंबा किडका निघाला, तर दुसऱ्याला सुरी लावताना हात थांबतुयाच की." नवरा म्हणत होता की एकदा गेला म्हणून आता राहणार, बायको म्हणत होती की एकदा गेला म्हणून आताही जाणार. दोघे तावातावाने भांडले. मी दोघांनाही चूक ठरवू शकत होतो. बरोबर काय, ते मात्र माझ्याकडे नव्हते.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी तयारी केली. फासे बाहेर काढण्याचा धीर आता नव्हता. सुपात नव्वद तुरी आणि दहा उडीद मोजून टाकले. आक्काला दिसत नव्हते, म्हणून तिचा हात सुपात ठेवला.

"आक्का, हे शंभर लोक समज. तूर म्हणजे दिसणारे, उडीद म्हणजे न दिसणारे. यातला एक दाणा डोळे मिटून उचलायचा..."

"मिटलेलेच हायत. फुडं बोल."

"तर तो तुरीचाच असेल, याची दहात नऊ आशा."

आक्काने दाणे बोटांनी हलवले. "ह्यातली मी कंची?"

"कोणतीही असू शकतेस."

"मी कंचीबी न्हाय, बापू. मी सुपाच्या भाईर बसलेय."

सुभद्रा दाराआड फिस्सकन हसली. आक्का शांतपणे पुढे म्हणाली, "डॉक्टरनं शंभर मोजलं, बरं. त्यात आदुगर येक डोळा गेलेल्या किती?"

"तसे वेगळे मोजलेले नाहीत."

"साठी गाठलेल्या?"

"तेही नाही."

"चुलीच्या धुरात जलम गेलेल्या? बाळंतपनात ताप डोक्यात गेलेल्या? समद्या येगळ्या काढल्या तर सुपात कोन ऱ्हातंय?"

"शेवटी तू एकटीच राहतेस."

"मग येकटीचं नव्वद कसं काढतुयास?"

याचे उत्तर मोठमोठ्या विद्वानांनाही देता आलेले नाही, असे सांगून मी सुटू शकलो असतो. पण समोर विद्वान नव्हते. समोर जिचा एक डोळा माझ्या शब्दावर गेला ती बाई होती, आणि तिच्याकडे आता एकच उरला होता. तो नासला तर उरलेले सगळे आयुष्य अंधार. मी सूप बाजूला केले.

"आक्का, मला एक सांगायचंय. त्या वेळी डॉक्टरांनी नव्वद सांगितले होते. मी तुला नुसतं 'दिसेल' म्हणालो. मी दहा लपवले."

"ठावं हाय."

"काय ठाऊक आहे?"

"त्यो कंपौंडर कानडी हुता. तू आत डॉक्टरसंगं बोलत हुतास, तवा म्या त्याला इचारलं. हत्तु म्हनला. दहा. दहा जनींचं जातंय म्हनला."

आक्काला सीमेकडच्या माणसांसारखे कानडी सहज येते, हे मी विसरलो होतो.

"मग मला का विचारलंस?"

"तू काय सांगतुयास ते ऐकायचं हुतं. 'दिसेल' म्हनलास, आन् आवाज असा कापला की म्या मनात म्हनलं, ह्येच्या हिशेबानं पन्नासच दिसतंय."

मी मान खाली घातली. चार वर्षे जे ओझे मी वाहत होतो, ते तिने पहिल्याच दिवशी माझ्या आवाजावरून तोलून ठेवले होते. मला वाटले, आता सुटलो.

"डोळ्याचं म्या कवाच सोडलं," ती म्हणाली. "म्या जानूनच गेले हुते. पर चार वरसं तू आला न्हाईस, ते कशात घालू? ते तुज्या नव्वदात बसतंय का दहात?"

मी सुपातली तूर आणि उडीद निवडून वेगळे करू लागलो. तीच म्हणाली, "सोमवारी सिद्धेश्वराला कौल लावायचाय. तवर गप ऱ्हा."

सिद्धेश्वराचे देऊळ

शेवटचा डोळा, आणि त्याचा निकाल देवळातल्या फुलाच्या पाकळीवर? रविवारी मी एकटाच देवळात गेलो.

कौल म्हणजे देवाला विचारणे. गाभाऱ्यात एक उभा गुळगुळीत पाषाण आहे. त्याच्या उजव्या आणि डाव्या अंगाला कण्हेरीची एकेक पाकळी पाण्याने चिकटवतात. प्रश्न विचारून वाट पाहतात. उजवी आधी पडली तर हो, डावी पडली तर नाही. पाकळ्या लावण्याचा मान गुरवांचा. सोपानकाका गुरव सत्तरीचे, बारीक, तोंडात सुपारी.

मी चौकशीच्या सुरात विचारले, "काका, शंभर वेळा लावला तर उजवी किती वेळा पडते?"

"ते कोन मोजतंय? उनाळ्यात बिगी वाळत्यात, बिगी पडत्यात. पावसाळ्यात आमी दुपारच्या जेवनाला जाऊन येतो, तरी बसल्यात आपल्या."

"म्हणजे ते पाण्यावर आणि हवेवर आहे."

"मग? पाकळी हाय ती."

असा भाविक मी अपेक्षिला नव्हता. मी धीर करून म्हणालो, "मग उद्या आक्काने विचारलं, डोळा दिसेल का, तर पाकळीला ते कसं कळणार?"

सोपानकाकांनी सुपारी थुंकली. "आसं इचारतच न्हायत, मास्तर. देव काय पोष्टमन हाय का, फुडची खबर आनून द्यायला? 'पाऊस पडंल का' इचारलं तर म्या पाकळी लावत न्हाय. 'कंच्या रानात पेरू' इचारा, लावतो."

"फरक काय?"

"हितली रीत अशी. इचारनाऱ्यानं समद्यांदेखत आदी सांगायचं: उजवी पडली तर म्या ह्ये करीन, डावी पडली तर म्या त्ये करीन. दोन्ही तोंडानं बोलायचं. दोन्ही करायची तयारी असंल तरच पाकळी लागती. न्हायतर उगं देवाला कशाला भिजवायचं?"

मी देवळाच्या पायरीवर बसून राहिलो. आकडा खरा की खोटा यावर मी आयुष्यभर बोललो होतो. आकडा ऐकून माणूस उद्या सकाळी काय करणार, हे मी कोणाला विचारले नव्हते. इथे हा गुरव भविष्याला हातही न लावता फक्त तेवढेच विचारत होता. सोपानकाका जाताना म्हणाले, "आन् येकदा लावला की वरीसभर परत न्हाय. ध्येनात ठेवा. पुन्याची मानसं घासाघीस लई करत्यात."

सोमवारी आम्ही चौघे गेलो. मंडपात शेजारपाजारचे दहाबारा जण आधीच बसले होते. ज्या गावात वर्तमानपत्र येत नाही तिथे कौल हेच वर्तमानपत्र. सोपानकाकांनी पाकळ्या पाण्यात बुडवल्या आणि म्हणाले, "बोला आक्का, काय इचारायचं?"

मी मनाशी ठरवून टाकले होते की डावी पडली तरी मी तिला उचलून सोलापूरला नेईन. आणि त्याच क्षणी असेही वाटत होते की डावीच पडो, म्हणजे पुन्हा माझ्यामुळे काही होणार नाही. एकाच माणसाच्या पोटात दोन्ही मावतात.

आक्काने पदर सावरला. "डोळ्याचं इचारायचं न्हाय. डोळ्याचं म्या फाल्गुनातच ठरवलंय. जायाचं. काय दिसंल ते दिसंल, हितं बसून तर अंधारच हाय. इचारायचं ते ह्येचं." तिने माझ्या दिशेने हात केला. "ह्येला संगं न्यावं का न्हाय?"

मंडपात खसखस पिकली.

"अगं आक्का..."

"गप. मागल्या बारीला माझ्यापरीस ह्येलाच नर्सबाईनं जास्त पानी पाजलं. डॉक्टर माझा डोळा बगायच्या आदी ह्येचं तोंड बगायचा आन् त्याचाच हात कापायचा. पर माझा भाऊ हाय, नगं तरी कसं म्हनू? माझं ठरत न्हाय. तर देवा, ऐक. उजवी पडली तर बापू संगं यील. डावी पडली तर बापू हितं ऱ्हाऊन म्हैस सांभाळंल, आन् म्या परत येस्तवर पुन्याला जानार न्हाय."

"मास्तर, तुमची तयारी?" सोपानकाकांनी विचारले. "दोन्हीची?"

सगळे माझ्याकडे पाहू लागले. मी हो म्हणालो. उजवीच पडेल, असे मला आतून अगदी पक्के वाटत होते. का, ते विचारू नका. आकडा मागाल तर नव्वद सांगेन.

पाकळ्या लागल्या. उन्हाळा होता, तरी पाषाण थंड होता. मी उजव्या पाकळीकडे टक लावून पाहत होतो. तिची कडा सुटू लागली होती, हे मी शपथेवर सांगतो. आणि डावी पडली.

"डावी," सोपानकाका आक्काला म्हणाले.

"काका," मी म्हणालो, "उजवी सुटतच आली होती. गणिताच्या दृष्टीने एका खेपेवरून काही सिद्ध होत नाही. तीनदा लावून पाहू. तीनपैकी दोन..."

मंडप असा हसला की गाभाऱ्यातली पाखरे उडाली. एक म्हातारा डोळे पुसत शेजाऱ्याला सांगत होता, "मास्तर काल पाकळीला हवा-पानी म्हनत हुतं. आज तीनदा लावा म्हनायल्यात!"

आक्काही हसली. चार वर्षांत मी तिला हसताना पाहिले नव्हते, कारण चार वर्षांत मी तिला पाहिलेच नव्हते.

म्हैस

बुधवारी पहाटे महादेव आक्काला घेऊन निघाला. जाताना तिने त्याला माझ्यादेखत बजावले, "पत्र धाडू नगंस. बापू येका वळीतनं शंभर अर्थ काढंल आन् त्यातलं नव्वद वंगाळ निघतील."

राहिलो मी, सुभद्रा आणि चंद्री नावाची म्हैस. दूध काढण्याचे काम दोन दिवसांत माझ्याकडून काढून घेण्यात आले. सुभद्रा म्हणाली, "मामा, चंद्रीचं तुमच्याबद्दल चांगलं मत हाय, पर सडाला हात लावू नगा." मग वैरण टाकणे, पाणी पाजणे आणि सकाळी गोठ्यातून बाहेर काढून लिंबाखाली बांधणे एवढे माझ्याकडे उरले. ते मी मन लावून केले. पुण्यात माझा सकाळचा वेळ वर्तमानपत्रात जातो. लढाई कुठवर आली हे मला रोज कळते आणि त्याने लढाईला काही फरक पडत नाही. चंद्रीला मात्र पाणी पाजले नाही तर फरक पडत होता.

त्या दिवसांत एक गोष्ट मला छळू लागली. दहाव्या-बाराव्या दिवशी हिशेबाने शस्त्रक्रिया होऊन गेली असणार होती. पट्टी सुटली असेल, किंवा सुटणार असेल. म्हणजे तिकडे, सोलापूरच्या एका खाटेवर, डोळा वाचला होता किंवा गेला होता. आता त्यात शक्यता कसली? झाले ते झालेच होते. तरी लिंबाखाली बसून मला कोणी विचारले असते तर मी नव्वदच म्हणालो असतो. मग हे नव्वद होते कुठे? त्या डोळ्यात तर नव्हते, डॉक्टरांनी मोजलेल्या शंभर लोकांतही नव्हते. ते बिचारे आपापल्या घरी होते. ते फक्त माझ्यात होते. आक्काच्या डोळ्याचे मोजमाप म्हणून जे मी चार वर्षे मनात बाळगले, ते माझ्याच अज्ञानाचे माप निघाले. हा शोध मला मोठा वाटला आणि मी तो सुभद्रेला सांगितला.

"म्हंजी तुमाला ठावं न्हाय, एवढंच न्हवं?" ती म्हणाली.

"एवढंच."

"मग मलाबी ठावं न्हाय. भाकरी खाऊन घ्या."

आणखी एक लिहून ठेवतो, कारण ते लिहिणे मला जड जाते आहे. तिला दिसले तर माझे नव्वद बरोबर होते, असे नाही. न दिसले तरी ते चूक ठरणार नव्हते. नव्वद हे असे सोयीचे वचन आहे की ते कधी मोडत नाही. त्या वेळी बाकावर मी आक्काला 'दिसेल' म्हणालो ते खोटे होते, पण त्यात निदान मी उभा होतो. नुसते नव्वद म्हणालो असतो तर खरे बोलून निसटलो असतो. दोन्हींपेक्षा सोपे होते ते तिच्याजवळ बसणे, आणि नंतरही जाऊन बसत राहणे. ते मला चार वर्षे जमले नव्हते.

चौथा आठवडा संपत आला. मृग जवळ आला म्हणून शेजारी छप्पर शाकारत होते. एका सकाळी मी चंद्रीला लिंबाला बांधून उभा राहतो तोच ओढ्यातून बैलगाडी वर येताना दिसली. सुभद्रा हातातले टाकून वाटेकडे धावली. मी म्हशीपाशीच राहिलो.

गाडी चाळीस-पन्नास हातांवर थांबली. महादेव उतरला, त्याने आईला हात दिला. तिच्या डोळ्यावर जाड भिंगाचा चष्मा चमकला. चष्म्यावरून काही कळत नव्हते. चष्मा कोणालाही देतात. महादेवाच्या खांद्यावर तिचा हात होता. त्यावरूनही काही कळत नव्हते. सुभद्रा तिच्या गळ्यात पडली. आक्काने तिच्या पाठीवरून हात फिरवला, मान वर केली आणि अंगणाकडे तोंड करून थांबली.

"सुभद्रे," ती म्हणाली, "ती म्हैस कुनी बांदली गं?"

सुभद्रेने वळून पाहिले.

"किती आखूड बांदलीया! बसायला तरी येतंय का तिला?"

महिनाभर मी चंद्रीला तशीच बांधत होतो आणि तिच्याशिवाय कोणी तक्रार केली नव्हती. मी खाली बसून दाव्याची गाठ सोडू लागलो. बोटांना ती सापडेना. डोळ्यांतल्या पाण्यामुळे दावे कुठे आणि बोटे कुठे, तेच दिसेना.

"सर तिकडं," आक्का म्हणाली. महादेवाच्या खांद्यावरचा हात तिने काढला आणि एकटी चालत म्हशीपर्यंत आली.